वेड्यांच्या गोळ्या

डिप्रेशनच्या गोळ्यांनी मालविका सहा महिन्यांत कुठे माणसांत आली होती. बरं वाटलं तरी गोळी एकदम बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिचे सासरे नीलकंठशास्त्री म्हणजे साऱ्या राजा घाटाला फुकट अक्कल वाटणारे. "वेड्यांच्या गोळ्या आमच्या घरात नकोत!" म्हणत त्यांनी पाकिटं गंगेत सोडली आणि वर दोन फुलंही वाहिली.

चार दिवसांत मालविकाला घेरी येऊ लागली, डोक्यात विजेसारखे झटके बसू लागले. शास्त्रीबुवा खूश. "बघ, विष उतरतंय!"

पाचव्या दिवशी त्यांनीच तिच्या हातात आपल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवलं. "पायांच्या जळजळीची गोळी संपली गं. आत्ताच आण, एक दिवसही नागा नको. डॉक्टरांनी बजावलंय."

पाकिटावरचं नाव वाचून मालविका थबकली. औषधाच्या दुकानदाराला तिने दोनदा विचारलं.

"हाँ दीदी, आपवाली ही दवा है. नसों के दर्द में भी चलती है."

घरी येऊन तिने नवं पाकीट सासऱ्यांपुढे ठेवलं.



"मामंजी, तुमच्या पायांना वेड कधी लागलं?"