सुटी अक्षरं

कामाच्या गडबडीत आईला विचारायचं राहून जातं, म्हणून लेकाने ऑफिसात बसून एक प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी त्याच्या फोनवरून आपोआप मेसेज जाई, "आई, गोळी घेतलीस का?" पापणी लवायच्या आत आईचं उत्तर येई, "हो राजा, घेतली." आई गल्लीभर सांगत सुटली होती, "माझा लेक मला विचारल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही."

आज त्याने प्रोग्रॅममध्ये जरा हात घातला आणि घोळ झाला. वाक्याची अक्षरं सुटी झाली आणि एकेक अक्षर वेगळा मेसेज होऊन आईकडे गेलं. आ. ई. गो. ळी.

"मातृभक्ता, फुटलं तुझं बिंग!" शेजारच्या टेबलावरचा मित्र खिदळला.

लेकाने धास्तावून फोन उघडला. प्रत्येक अक्षराखाली आईचं उत्तर होतं, "हो राजा, घेतली."

त्याने तडक आईला फोन लावला. "आई, हा काय प्रकार आहे?"

 

"शेजारच्या सूनबाईने बसवून दिलंय रे. तुझं तूच केलंस, की तुलाही कोणी करून दिलं?"