डावं मनगट

"एकतीस नंबर बाद," डॉ. भालचंद्र केसकर म्हणाले आणि त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवरून उतरवली.

पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या धावण्याच्या स्पर्धा दोन दिवसांवर आल्या होत्या. दिल्लीत, द्वारकेतल्या स्टेडियमच्या मागच्या खोलीत डॉक्टर सकाळपासून मुलींच्या डाव्या मनगटाचे एक्स-रे पाहत होते. कोवळ्या वयात मनगटाच्या हाडाशी एक बारीक फट दिसते. वय वाढलं की ती बुजते. फट दिसली तर मुलगी धावणार. बुजलेली असली तर तिने वय चोरलं असं धरून दोन वर्षं बंदी. जन्माच्या दाखल्याकडे कुणी बघत नसे. दाखले कसे मिळतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

फिल्मवर नाव नसे, फक्त नंबर. ही पद्धत डॉक्टरांनीच घालून दिली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. शाळेत असताना ते स्वतः चारशे मीटर धावायचे. अंतिम शर्यतीत त्यांना एका दांडग्या मुलाने हरवलं, तो म्हणे घरून दाढी करून आला होता. त्याच दिवशी आपण हाडांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं, असं ते प्रत्येक भाषणात सांगत. गोष्टीला थोडं तिखटमीठ लावलेलं असेल, पण राग खरा होता.

"सर, इस बार आपकी बेटी भी है," समितीच्या कौशल्याजी सकाळी दबकतच म्हणाल्या होत्या. "किसी और से पढ़वा लें?"

"फिल्म पे नाम लिखा है क्या?" डॉक्टर हसले होते. "फिर?"

बाद झालेल्या मुलीच्या पालकांना ते स्वतः आत बोलावून निकाल सांगत. पालक रडत, शपथा घेत, कुणी पायही धरत. डॉक्टर ढिम्म हलत नसत. गेल्या वर्षी पानिपतहून एक बाई आली होती. रडली नाही, उलट चिडली. "मैंने जनी है, साहब! मुझसे पूछो ना, कब जनी!"

"काग़ज़ झूठ बोलता है, माताजी," डॉक्टर शांतपणे म्हणाले होते. "हड्डी नहीं बोलती."

तिची मुलगी दाराशी उभी होती. धावायचे बूट तिने हातातच धरले होते. त्या संध्याकाळी मयूर विहारच्या घरी जेवताना डॉक्टरांनी त्या बाईची हुबेहूब नक्कल करून दाखवली. त्यांची बायको प्रभा हसली. लेकीला, अवनीला तर ठसका लागला.

"एकतीस नंबर के पैरेंट्स!" कौशल्याजींनी दारातून हाक मारली.

आत आली ती प्रभा. डॉक्टरांना वाटलं, बायको डबा घेऊन आली.

"दोन मिनिटं बाहेर थांब," ते म्हणाले. "पालक येतायत."

प्रभा थांबली नाही. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि हातातली चिठ्ठी तिने टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर एकतीस लिहिलं होतं.

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा पेटीवर लावली. चष्मा पुसून पाहिली. फट नव्हती. हाड चांगलं जुळून आलं होतं. अवनीला चौदा पूर्ण होऊन आठ महिने झाले होते आणि हे सांगायला त्यांना कुठल्याही दाखल्याची गरज नव्हती. ती जन्मली तेव्हा ते त्याच हॉस्पिटलात नोकरीला होते. तारीख लिहिलेली पट्टी त्यांनी आपल्या हाताने तिला बांधली होती. याच डाव्या मनगटाला.

काही मुलींची हाडं लवकर पिकतात. हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. या खोलीत मात्र ते त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

खिडकीतून मैदान दिसत होतं. अवनी वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

"सर," कौशल्याजी हळूच म्हणाल्या, "साइन तो अभी हुआ नहीं है."

डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवलं. त्यांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"प्रभा, हाड कधी..." त्यांनी सुरुवात केली.

"अवनीचं होईल काहीतरी," प्रभा म्हणाली. "तिचे बाबा डॉक्टर आहेत. ती पानिपतची मुलगी... आपण हसलो होतो बघा. तिचं नाव काय होतं हो?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. तिच्या हातातले बूट आठवले. आईचा चढलेला आवाज आठवला. मनगटाची ती फिल्मसुद्धा जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली.

"बावीस नंबर," ते म्हणाले.