उडवलेला थेंब

"ज्या दिवशी मला उडवलेला थेंब आणि सांडलेला थेंब यांतला फरक कळणार नाही, त्या दिवशी माझ्या हातातून ब्रश काढून घे, मर्ल. दयामाया दाखवू नकोस."

आपल्या विसरण्याच्या आजाराचं निदान झालं त्या दिवशी, परतीच्या वाटेवर गाडीत हिल्डा हे म्हणाली होती. मर्लने, तिच्या धाकट्या बहिणीने, तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. त्याला चार वर्षं झाली.

आता मर्ल सफरचंदं साठवायच्या जुन्या शेडच्या दारात चहाचे दोन मग घेऊन उभी होती. कॅनव्हास जमिनीवर अंथरलेला. त्यावर पाण्यासारख्या पातळ निळ्या रंगाचे थर, खालचा वरच्यातून दिसेल असे. आणि त्या निळ्यावर फिकट ठिपके, सरळ एका रांगेत.

मर्लने वर पाहिलं. इथे दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा; थंडीत छपराच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि स्क्रूंवरून गळतं. वर स्क्रूंची रांग, खाली ठिपक्यांची.

"काल उडवले," हिल्डा म्हणाली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत निळ्या होत्या. "कसे वाटतात?"

हातून उडालेल्या थेंबाला शेपूट असतं, वरून पडलेला गोल बसतो. हे हिल्डानेच शिकवलेलं. हे सगळे बटणांसारखे गोल होते.

गेलं वर्षभर मर्ल रोज सकाळी देवापुढे गुडघे टेकून ठरवी, आज सांगायचंच. आणि शेडमध्ये आली, त्या निळ्या बाह्या दिसल्या, की तिची जीभ जड होई. कधी रंगाचा लवंडलेला डबा, कधी बुटाचा ठसा, ती सगळ्याला छान म्हणत आली होती. ब्रश काढून घेतला तर हिल्डाचं उरणार काय?

"सुंदर," ती म्हणाली. "असा हात तुझा कधी चालला नव्हता."

हिल्डाने तिच्याकडून एक मग घेऊन चहाचा घोट घेतला.

"गोल आहेत गं ते. छपराचे," ती हळूच म्हणाली. "आज पहाटेपासून सगळं लख्ख दिसतंय, म्हणून मुद्दाम विचारलं. लहानपणी तुला साधी थाप मारता यायची नाही. आता बरी शिकलीस."



भिंतीशी टेकवलेली वर्षभराची चित्रं हिल्डा एकेक करून बघत गेली. शेवटच्यापाशी थांबली.

"ही सगळी अशीच, सांडलेली?"

"सगळी."

मग हिल्डाने खिशातला ब्रश काढून पुढे धरला.

"घे. उद्या मला यातलं काही आठवणार नाही. मी मागेन, रडेन, तुला नको नको ते बोलेन. देऊ नकोस."

मर्लने चहाचा मग खाली ठेवला, ब्रश घेतला, आणि डब्यातले बाकीचे एकेक करून उचलू लागली.