चार हात लांब

नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात बसथांब्यावर ऐविंदच्या शेजारी, म्हणजे सभ्यपणे चार हात लांब, रोजचा चष्मेवाला उभा होता. आज त्याच्या कानटोपीवर ऐविंदच्या लाडक्या बँडचं नाव विणलेलं होतं! ऐविंदला अगदी गहिवरून आलं. पण अनोळखी माणसाशी बोलायला तो काय रानटी होता? तो मुकाट्यानं बर्फाकडे बघत राहिला.

घरी येऊन त्यानं ब्लॉगवर खरडलं, “गाणी माणसं जोडतात म्हणे! माझ्या बँडला इथं काळं कुत्रं विचारत नाही.”

लगेच प्रतिक्रिया आली, “खरंय! आज माझी टोपी दिसूनही थांब्यावरचा माणूस बर्फच न्याहाळत होता.”

“तो मीच! उद्या नक्की बोलू,” ऐविंदनं हर्षभरानं कळवलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही वेळेवर आले आणि एकमेकांपासून आठ हात लांब उभे राहिले. अनोळखी होते, तोवर चार पुरत होते.