सातवा नियम

आईनं सहीसाठी फॉर्म पुढे ओढला, तेव्हा मुलीनं चहाचा कप नेमका सातव्या नियमावर ठेवला.

डायव्हिंग शाळेचा फॉर्म तो. दमा आहे का, कान दुखतो का, असले प्रश्न आणि खाली नऊ नियम. सातवा असा: पाण्याखाली उतरल्यावर चोवीस तास विमानात बसायचं नाही, जिवावर बेतू शकतं. आणि आज गुरुवार. बेटावरून आठवड्यातून एकदाच सुटणारं विमान आज दुपारी तीनला होतं. आईनं चष्मा न लावताच झोकात सही ठोकली. मुलीनं कप हलवला नाही.

तशी वेळ आईनंच आणली होती. गेल्या गुरुवारी ती न कळवता येऊन थडकली. सोबत ही भली थोरली बॅग; आत स्वतःची उशी आणि गुडघ्याच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा. दारातूनच म्हणाली, "घरी चल आता. पुढच्या गुरुवारचं तिकीट काढून ठेवलंय." मग पदर खोचला आणि शाळेचं कपाट आवरायला घेतलं. संध्याकाळपर्यंत कागदांचे गठ्ठे लागले, मास्क आकारानुसार टांगले गेले आणि दाढीच्या शर्टाला तुटलेली बटणंसुद्धा लागली. दाढी म्हणजे मुलीचा धंद्यातला भागीदार. एवढे लाड त्याचे कुणी केले नव्हते. तो खूश.

मुलगी मात्र धास्तावली. चार वर्षांपूर्वी बाबांशी भांडून ती इथं आली होती. एका जुन्या बोटीवर तिनं आणि दाढीनं ही शाळा उभी केली आणि आता कुठं जम बसत होता. एकदा घरी गेलं की पुन्हा सुटका नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबा वाईट नव्हते हो. पण साधा पाण्याचा पेला कधी स्वतःच्या हातानं घेतला असेल तर शपथ! आठवडाभर दर दोन तासांनी त्यांचा फोन. गाळणं कुठंय, पंचा कुठंय, गॅस कुठून बंद होतो. आई फोनला हात लावायची नाही. "सांग त्यांना, ओट्याच्या डावीकडे," एवढंच म्हणायची आणि पुन्हा समुद्राकडे बघत बसायची.

तू असताना मी कशाला हवी, असं मुलीनं दोनदा विचारून पाहिलं. घरात कुणीतरी लागतंच, असं म्हणून आईनं विषय मिटवला. आईला सरळ नाही म्हणणं मुलीला जन्मात जमलं नव्हतं. म्हणून तिसऱ्या दिवशी तिनं बोलून टाकलं: तू एकदा पाण्याखाली उतर, मग मी निमूट विमानात बसेन. तिला वाटलं, मिटलं. घोटाभर पाण्यालाही भिणारी बाई ती!

आई हो म्हणाली.

झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या रात्री मुलीचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पहाटे तिला सातवा नियम आठवला. मग सोमवारी वारा आहे, मंगळवारी लाटा आहेत, बुधवारी पाणी गढूळ आहे, असं करत करत तिनं गुरुवारची सकाळ गाठली. आईला उडता येणार नाही, आईला एकटं टाकून आपल्यालाही जाता येणार नाही. आठवडा तरी पदरात पडला. तोवर बाबाच कंटाळून आईला बोलावून घेतील.

बोटीत मुलगी सिलिंडर पाठीवर घेऊ लागली तर आईनं हात धरला. "तू नको येऊस. तू असलीस की मी तुझ्याकडेच बघत बसेन. मासे कधी बघू? हे दाढीवाले नेतील मला."

मुलीनं क्षणभर विचार केला. आपण उतरलो काय, न उतरलो काय, काम तर होतंच आहे. ती बोटीतच बसली.

दोघं पाण्याखाली गेली आणि तिचा जीव थाऱ्यावर राहीना. बुडबुडे मोज, घड्याळ बघ, पुन्हा बुडबुडे. पाच मिनिटांत वर येईल असं वाटलं होतं, वीस झाली. आईला काही झालं तर? सख्ख्या आईला आपण फसवतोय, तेही ती पाण्याखाली असताना. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पंचविसाव्या मिनिटाला आई वर आली. मास्क काढला. चेहरा असा की मुलीनं तो आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

"अगं, तिथं कुणी हाकच मारत नाही," आई म्हणाली.

किनाऱ्यावर मुलीला राहवेना. टॉवेल देता देता तिनं सगळं कबूल करून टाकलं. चोवीस तास विमान बंद, कप मुद्दाम ठेवला होता, चुकलं माझं. आता आई बोलेल, रडेल, या तयारीनं ती मान खाली घालून उभी राहिली.

आईनं सावकाश केस पुसले. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं तिकीट काढून तिच्या हातात ठेवलं. एकच होतं. त्यावर मुलीचं नाव होतं.

"आणि तुझं?"

"तू शब्द दिलायस. बॅग भर, तीनला विमान आहे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांपाशी कुणीतरी एकीनं राहायला हवं. अडतीस वर्षं मी राहिले."

"अगं, पण मी सांगितलं ना, पाण्यात उतरल्यावर चोवीस तास..."

"वाचलाय तो सातवा नियम, पहिल्याच दिवशी, कपाट आवरताना. उगीच का तुला बोटीत बसवलं?"