पहिला व्हिडिओ

पार्किन्सन्सच्या संशोधनाला भारत सरकारने जास्त पैसे द्यावेत, या मागणीसाठी रुग्णांच्या ग्रुपने प्रत्येकाकडून एक व्हिडिओ मागवला होता. हेमचंद्रने ऑफिसच्या मीटिंगआधी घेतो तशी गोळी घेतली, टाय बांधला आणि आखातातल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये मोबाइलसमोर बसून एका दमात बोलला.

ग्रुपचं उत्तर आलं, "सर, छान बोललात. पण यात पेशंट कुठंय?"

संध्याकाळी गोळीचा असर उतरल्यावर त्याने पुन्हा रेकॉर्ड केलं. आता हात थांबेना, आणि बोलणं इतकं अडखळलं की मागणी काय आहे तेच कळेना. शिवाय हा व्हिडिओ ऑफिसात कुणी पाहिला तर नोकरी खलास, मागोमाग व्हिसाही.

"अगं, यातला कुठला पाठवू?" त्याने बायकोला, शोभनाला विचारलं.

दुसरा तिने अर्ध्यातच बंद केला. पहिला मात्र संपल्यावर परत लावला.

"ऑफिसात तुम्ही रोज असे असता?"

"गोळी तिथेच लागते ना. घरी येईपर्यंत उतरते."

"सरकारला कुठलाही पाठवा," ती म्हणाली. "हा मला पाठवा."