काचेतला डोंगर

वणव्यात गल्ली बेचिराख झाली. त्यानंतर पहिलं घर दादाचं उभं राहिलं. मी काचेवाला, तेव्हा खिडकी मीच बसवली आणि कुणी धडकू नये म्हणून काचेवर चुन्याची फुली मारली.

राहायला आल्यावर वहिनीने फुली बाहेरून पुसली. आमच्या पाठीमागे डोंगराचा कोळसा झालेला, पण काचेत तो हिरवागार दिसत होता.

“बदलून देऊ?” मी विचारलं.

“राहू दे. काचेत तरी सावली आहे.”

बघता बघता सगळ्या गल्लीने तीच काच मागितली. मी बसवत गेलो.

आज दुपारी झुळूकही नव्हती, तरी काचेतली झाडं वाकत होती. शेंड्यांवर करडा डाग दिसला, म्हणून वहिनीने फडकं घेतलं.

“भावोजी, डाग निघत नाही. वर चढतोय,” ती म्हणाली आणि तिने हात झटकन मागे घेतला.

मी गल्लीकडे पाहिलं. घरोघरी माणसं खिडकीपाशी बोटांवर फुंकर घालत उभी होती.